लिफ्ट केलेली थार मागून बसली? पाटा वाढवायच्या आधी वजन काढा

प्रश्न थोडक्यात असा. २०१६ ची महिंद्राची थार, सीआरडीई इंजिनाची. मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असलेली. अडीच वर्षांपूर्वी ती दोन इंच उंच, म्हणजे लिफ्ट करून घेतली. त्यानंतर मागे लोखंडी बंपर आला, त्यावर मोठ्या स्टेपनीचा कॅरियर आला, आत एक टूलबॉक्स आला. दर शनिवारी कोल्हापुरातून गगनबावड्याकडे शेतावर जायचं आणि येताना काही ना काही भरून आणायचं. आता गाडी मागून दीड इंच खाली आली आहे आणि खड्ड्यात ‘धाड’ असा आवाज येतो. एक मेकॅनिक म्हणतो अजून एक पाटा टाका, दुसरा म्हणतो ब्लॉक (एक्सल आणि पाट्यामधला ठोकळा) टाका, तिसऱ्यानं शॉकअप बदलायला सांगितलेत. ऐकायचं कुणाचं?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सत्तावीस वर्षं पाटे आणि स्प्रिंगांचंच काम करतो, त्यामुळं असले प्रश्न आठवड्याला दोन-तीन येतात. तिघांनीही औषध सांगितलंय, नाडी कुणीच बघितलेली नाही. गाडी खाली आली हे डोळ्याला दिसतं, पण ती पाटे बसल्यामुळं आली, वजन वाढल्यामुळं आली की दुसरंच काहीतरी ढिलं झालंय, हे डोळ्याला दिसत नाही. बहुतेक वेळा थोडं थोडं सगळंच असतं. किती कशामुळं, ते आधी वेगळं काढायचं. ते काढल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

पहिलं काम मापाचं. जमिनीपासून बंपरपर्यंत टेप लावू नका, त्यात टायरची हवा येते आणि टायर बदललेला असेल तर तोही येतो. चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या, मिलिमीटरमध्ये, चारही चाकांचं. सपाट फरशीवर गाडी दोन-चार फूट मागं-पुढं ढकला, मागचा बंपर धरून चार-पाच वेळा दाबून सोडा आणि मगच टेप लावा. पाट्यांना एकमेकांवर घासून अडकायची सवय असते. जॅकवरून उतरवलेली गाडी तशीच मोजली तर सहज दहा-पंधरा मिलिमीटर खोटं माप येतं.

आता पुढची मापं बघा. या थारला पुढं टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी. लिफ्ट करताना पुढची उंची बहुतेक वेळा नुसता बोल्ट आवळून वाढवलेली असते. तो जरा जास्त आवळला की पुढचं नाक वर जातं आणि मागचा भाग आहे तिथंच असला तरी बसल्यासारखा दिसतो. कंपनी रिकामी गाडी मुद्दाम मागून किंचित उंच ठेवते, म्हणजे भरल्यावर ती सपाट होते. लिफ्टवाल्यानं रिकामी गाडी फोटोत छान दिसावी म्हणून सपाट करून दिली असेल, तर भरल्यावर ती मागून बसणारच. तो पाट्यांचा दोष नव्हे.

मग गाडीखाली झोपा. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा, कोणत्या कोनात आहे, सांध्यातल्या बुशचं रबर फाटून पिन लोखंडावर घासतेय का, पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून एक्सल जागेवरून सरकलाय का, एखाद्या पाट्याला तडा आहे का, हे सगळं बघायचं. तडा गंजाखाली लपतो. वायर ब्रशनं घासा, डिझेलचं फडकं फिरवा, पाटा पुसून कोरडा करा आणि दहा मिनिटांनी परत बघा. तडा असेल तर त्यातून डिझेल पाझरून बारीक काळी रेघ उमटते. एका बाजूला तुटका पाटा असेल तर गाडी त्या बाजूला कलते. डाव्या-उजव्या मापात दहा मिलिमीटरच्या आतला फरक असेल तर मी त्याच्या मागं लागत नाही. आपल्याकडं चालवणारा उजवीकडं बसतो आणि बरेच जण एकटेच फिरतात.

शॉकअपचं इथंच मिटवून टाकतो. शॉकअप गाडीचं वजन धरत नाही. पाट्याची उसळी थांबवणं एवढंच त्याचं काम. गॅसचे शॉकअप थोडासा धक्का वर देतात, पण त्यानं दीड इंच भरून येत नाही. तुमचे शॉकअप गळत असतील तर बदला, लिफ्टला आखूड पडत असतील तरी बदला, पण गाडी उचलायला म्हणून बदलू नका. ‘धाड’ कसली आहे ते शोधायला सोपी युक्ती आहे. एक्सलच्या वर चेसिसला जो रबरी स्टॉपर असतो त्याच्या टोकाला ग्रीसचा जाड ठिपका लावा आणि नेहमीच्या वाटेनं फिरून या. एक्सलवर ग्रीसचा शिक्का उमटला असेल तर गाडी खरोखर तळाला टेकतेय. नसेल उमटला, तर आवाज बुशचा, शॅकलचा नाहीतर शॉकअपच्या वरच्या रबराचा आहे आणि तुमचा निम्मा प्रश्न दुसरीकडंच आहे.

आता मुख्य गोष्ट, वजन. आपल्या जिल्ह्यात उसामुळं वजनकाट्यांची काही वाण नाही. गळीत हंगामात रांग असते, एरवी कुठल्याही खासगी काट्यावर पाच मिनिटांचं काम. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून, असं दोनदा वजन घ्या. मोठ्या काट्यावर दहा-वीस किलो इकडं-तिकडं होतात, चालेल. एकदा रिकामी आणि एकदा शनिवारी संध्याकाळी माल भरून आल्यावर, अशा दोन पावत्या माझ्यापुढं ठेवल्या की माझं निम्मं काम झालं. (काटा मारतील ही भीती नको. थारच्या वजनात कुणाचं काय जातंय!)

बंपरचं वजन लोक फसवं धरतात. समजा बंपर, कॅरियर आणि टूलबॉक्स मिळून मूळ गाडीपेक्षा ६० किलो जास्त झाले आणि ते मागच्या एक्सलच्या ८० सेंटिमीटर मागं लटकलेत. या थारचा व्हीलबेस २,४३० मिलिमीटर आहे. तराजूच्या हिशेबानं मागच्या एक्सलवर ६० नाही, जवळजवळ ८० किलो येतात आणि पुढची चाकं २० किलोंनी हलकी होतात. म्हणजे मागचं दबतं आणि पुढचं उठतं, दोन्ही बाजूंनी गाडी मागं कललेली दिसते.

पुढची पायरी घरच्या घरी होते. सिमेंटची ५० किलोंची चार पोती मागच्या एक्सलच्या बरोबर वर ठेवा. गाडी हलवून, दाबून परत माप घ्या. समजा ३६ मिलिमीटर खाली गेली. म्हणजे २०० किलोंना ३६ मिलिमीटर, दोन्ही बाजू मिळून मिलिमीटरला साडेपाच किलो. हा तुमच्या पाट्यांचा कडकपणा. आता वरच्या ८० किलोंना यानं भागा, साधारण १४-१५ मिलिमीटर आले. तुमची गाडी दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर खाली आली आहे. त्यातले १५ कायमच्या वजनाचे आणि उरलेले २३ पाटे बसल्याचे. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील. पण ही वाटणी झाली की उपाय आपोआप समोर येतो. सगळे ३८ वजनाचे निघाले तर पाटे ठणठणीत आहेत, फक्त ते या वजनासाठी केलेले नाहीत. सगळे बसल्याचे निघाले तर पोलाद दमलंय.

पाटा दमतो म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे गैरसमज इथंच होतात. बसलेला पाटा ‘मऊ’ झाला असं लोक म्हणतात. तसं होत नाही. पोलादाचा कडकपणा असा उतरत नसतो. चार पोत्यांखाली तो नवा असताना जितका दबायचा तितकाच आजही दबतो, फक्त त्याची कमान कमी झालेली असते, म्हणून तो खालूनच सुरुवात करतो. गंजून पातळ झालेला नाहीतर तडकलेला पाटा एवढाच याला अपवाद. कमान जाते ती ताण पोलादाच्या सोसण्यापलीकडं गेल्यावर. भरलेली गाडी गतिरोधकावर जोरात आपटली की एक केसभर कमान जाते, दुसऱ्या वेळी अजून एक केसभर.

लिफ्टचे पाटे लवकर का बसतात याचं उत्तरही यातच आहे. चांगला पाटा करताना पोलाद ८५०-९०० अंशांपर्यंत तापवून, कमान देऊन तेलात विझवतात, मग साडेचारशे-पाचशे अंशांवर परत तापवून त्याचं पाणी, म्हणजे कणखरपणा, बसवतात. सगळा संच बांधला की एकदा मुद्दाम कामाच्या ओझ्यापेक्षा जास्त दाबून सोडतात. जे बसायचं ते कारखान्यातच बसावं, गिऱ्हाइकाच्या गाडीखाली नको, हा त्यामागचा हेतू. स्वस्तातल्या किटमध्ये ही शेवटची पायरी गाळलेली असली की नवी गाडी पहिल्या दिवशी अडीच इंच उंच दिसते, गिऱ्हाईक खूष होतं आणि चार महिन्यांत गाडी दीड इंचावर येते. दुसरा प्रकार आपल्या गल्ल्यांतला: जुनाच पाटा थंडा हातोड्यानं ठोकून कमान वाढवणं. हातात कला असलेले कारागीर कोल्हापुरात आहेत, मी त्यांचा मान ठेवतो, पण थंड्या ठोकणीनं आणलेली उंची भारी गाडीत टिकत नाही. आणि गॅस कटरच्या ज्योतीनं मधोमध लाल करून वाकवत असतील तर तिथून गाडी काढून घ्या. जिथं ज्योत लागली तिथलं पाणी उतरलं. पाटा पुढं तिथूनच बसतो नाहीतर तिथंच तुटतो.

आतापर्यंतचा हिशेब असा: माप घेतलं, पुढचं नाक तपासलं, बुश आणि तडे बघितले, वजन काढलं, पाट्याचा कडकपणा काढला. आता त्या तीन मेकॅनिकांकडं वळू.

अजून एक पाटा टाकायचा का? कधीकधी हो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. सात मिलिमीटरऐवजी आठचा पाटा म्हणजे एकच मिलिमीटर जास्त, पण तो पाटा जवळजवळ दीडपट कडक. म्हणून ‘टाका एक जाडसा’ हे ऐकायला सोपं, पण अंगाशी येणारं. आमच्याकडं सुरुवातीच्या काळात दुधाचे कॅन वाहणारी एक जुनी जीप आली होती. मागून पार लोळलेली. मी तरुण होतो. दोन आखूड, जाड पाटे खाली घातले, गाडी ताठ उभी राहिली, मालकानं चहा पाजला. तिसऱ्या महिन्यात ती फोंडा घाटात उभी होती. पाटा तुटला होता, आणि कुठं? माझ्या आखूड पाट्याचं टोक जिथं संपत होतं त्याच्या बरोबर वर, करवतीनं कापल्यासारखा. जाड आखूड पाटा वाकत नाही, मग सगळं वाकणं त्याच्या टोकाशी गोळा होतं आणि वरचा बिचारा तिथंच फुटतो. तो तुटका तुकडा अजून माझ्या दुकानात खिळ्याला टांगलाय, नव्या पोरांना दाखवायला. तेव्हा पाटा वाढवायचाच असेल तर लांब, बाकीच्यांच्याच जाडीचा, त्याच जातीच्या पोलादाचा, आणि बाकीचे पाटे धड असतील तरच. दमलेल्या चौघांत एक ताजा घातला की ओझ्याचा मोठा वाटा तो एकटाच ओढतो आणि वर्षभरात तोही त्यांच्यासारखा होतो.

ब्लॉकनं उंची मिळते, ताकद नाही. एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घातला की गाडी वर येते, पण भरल्यावर तेवढीच दबते. शिवाय एक्सल पाट्यापासून लांब गेल्यामुळं चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर लावला की तो गोल फिरू बघतो, पाटा इंग्रजी एससारखा वळतो आणि मागच्या एक्सलला जोर पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, मार खातात. आधीच ब्लॉक असेल तर त्यावर दुसरा चढवणं हा शुद्ध वेडेपणा. लांब शॅकलचंही तसंच. शॅकल दोन इंच लांब केला तर उंची साधारण एकच इंच मिळते, एक्सलचा कोन बदलतो आणि ठरावीक वेगाला बुडाखाली थरथर सुरू होते. दिसायला काम स्वस्त, नंतर क्रॉस, बेअरिंग आणि सीलमध्ये पैसे जातात.

मग तुमच्या गाडीला मी काय करीन? गणित वरच्यासारखं आलं, म्हणजे थोडं वजनाचं, थोडं बसल्याचं, तर जुने पाटे मी उतरवीन. कायम असणाऱ्या वजनावर, म्हणजे बंपर धरून, हवी ती उंची देईल असा पूर्ण नवा संच घालीन. जुन्याच पाट्यांत जीव असेल आणि भट्टीत तापवून, तेलात विझवून, परत पाणी देऊन नीट करणारं ठिकाण हाताशी असेल तर तेही चालतं. संचाच्या तळाला एक सपाट, जाड हेल्पर पाटा असा, की रिकाम्या गाडीत तो वरच्याला टेकणारच नाही. शनिवारी भाताची पोती पडली की वरचे पाटे खाली येऊन त्यावर बसतील आणि तो कामाला लागेल. सोमवार ते शुक्रवार गाडी मऊ, शनिवारी कडक. तुमचं भरलेलं वजन आठवड्यातून एकदाच असतं, त्यासाठी सहा दिवस पाठीची हाडं मोजत फिरायचं कारण नाही. शिवाय रिकामी आणि फार कडक गाडी पावसात घाटात ब्रेक लावला की मागून टुणटुण उडते. करूळ घाटात ते कुणालाच नको असतं.

माल रोजच वाहत असाल तर माझं उत्तर बदलेल. मग सगळा संचच कडक घ्या, हेल्परच्या भानगडीत पडू नका. उलट वर्षातून दोनदाच कोकणात सामान घेऊन जात असाल तर एक्सल आणि चेसिसमध्ये बसणारे हवेचे किंवा रबरी आधार पुरतात. आणि एक फुकटचा उपायही आहे, कुणाला आवडत नाही: टूलबॉक्स मागच्या दारापाशी न ठेवता पुढच्या सीटच्या मागं सरकवा. तेवढ्यानं किती मिलिमीटर मिळतात ते टेपनं बघा, चकित व्हाल.

ज्यांच्याकडं २०२० नंतरची थार, स्कॉर्पिओ किंवा जिम्नी आहे त्यांच्या मागं गोल स्प्रिंगा आहेत. मोजणी आणि वजनाची पद्धत तीच. फक्त तिथं तारेची जाडी चौथ्या घाताला मोजते. १२ ऐवजी १३ मिलिमीटरची तार, बाकी सगळं तसंच, तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक. स्पेसर म्हणजे तिथला ब्लॉकच, उंची देतो, ताकद देत नाही. वेटोळ्यांत रबर अडकवणारे बरेच आहेत. त्यानं ती दोन वेटोळी कामातून जातात आणि त्यांचा भार बाकीच्यांवर पडतो. तात्पुरतं ठीक.

फिटिंगबद्दल दोन शब्द, कारण चांगला माल इथं वाया जातो. पाटे एक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट परत वापरू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. नुसते हातानं धरते ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दाबून हलवायची आणि मग शेवटचा पाना मारायचा. लटकत्या गाडीत आवळले की बुश त्या स्थितीत गोठतो, गाडी खाली आल्यावर पिळला जातो, काही दिवस तिला खोटी उंची देतो आणि मग फाटतो. ‘महिन्यातच परत बसली हो’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत पाटे नाही, हाच घोळ असतो. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळून घ्या. तेव्हाच उंचीही मोजा. नवा पाटा दहाएक मिलिमीटर बसतोच, तेवढं आधीच धरलेलं असावं. त्याच खेपेला हेडलाइटचा झोत परत जुळवून घ्या आणि मागच्या ब्रेकचा होज एक्सल लटकल्यावर ताणला जात नाही ना ते बघा. काही गाड्यांत मागच्या उंचीवरून ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी लिफ्टनंतर जुळवलेली नसेल तर त्याला गाडी कायम रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीत मागचे ब्रेक अपुरे पडतात.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळं नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल अडचणीचे ठरतात आणि अपघातानंतर विमावाला नेमकं तेच शोधतो. कंपनीच्या उंचीच्या आसपास, वजन नीट धरणारी गाडी मला म्हणूनही बरी वाटते. दोन इंचांच्या जागी एक इंच ठेवलात तर पाटेही जास्त टिकतील. गगनबावड्याच्या शेतरस्त्याला एवढी उंची पुरते, पावसाळ्यातसुद्धा. चिखलात खरा फरक टायरनं पडतो.

आता तुमच्याकडून मला चार चाकांची मापं, दोन काट्याच्या पावत्या, सिमेंटच्या पोत्यांचा आकडा आणि पाट्यांची संख्या व जाडी एवढं हवं आहे. जाडी व्हर्नियरनं घ्या, गंज खरवडून, टोकाशी नाही तर मध्याच्या जवळ. ते मिळालं की किती पाटे, किती जाडीचे आणि केवढी कमान, हे मी इथंच मांडून देतो. मग काम तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडं करा, माझ्याकडंच आलं पाहिजे असं काही नाही.